न्हाणीघरात हाक कोणाला मारायची?

मागच्या अंकात न्हाणीघरातल्या बाटल्या-ट्यूबा न बघता कशा ओळखायच्या याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि तुमचे अनुभव मागवले होते. पत्रं आली, आवाजी निरोप आले. निरोप मी स्वतः ऐकले, मला दिसत नाही म्हणून हाताने लिहिलेली पत्रं भाचीने वाचून दाखवली. त्यातले चार प्रश्न घेते. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण इतक्या वर्षांत वस्तू बनवणाऱ्या कोणी आपणहून विचारलं असं पहिल्यांदाच झालं.

प्रश्न : ताई, आम्ही नागपुरातल्या नंदनवनमधल्या बचत गटाच्या पाच जणी. रीतसर लायसन्स काढून शाम्पू, कंडिशनर आणि केसांचं तेल बनवतो. बाटल्या इतवारीतून ठोकात आणतो. सगळ्या २०० मिलीच्या, एकाच घाटाच्या, फक्त लेबल वेगळं. दिवाळीच्या प्रदर्शनात एक अंध ताई आमच्या स्टॉलवर आल्या. तिन्ही बाटल्या हातात फिरवून त्यांनी विचारलं, "यातलं तेल कोणतं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आत्ता तुम्ही आहात सांगायला. घरी कोण सांगेल?" आणि काही न घेता गेल्या. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. ब्रेलचं स्टिकर लावलं तर चालेल का? आमच्यासारख्यांना परवडेल असं काय करता येईल?

उत्तर : स्टिकरवर येते. आधी एक आठवण सांगू द्या, म्हणजे त्या ताई का निघून गेल्या ते कळेल.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या आजारामुळे नजर नळीतून पाहावं तशी आकसत गेली होती आणि छापील अक्षर वाचणं संपलं होतं. अमरावतीला मावसबहिणीचं लग्न होतं. पाहुण्यांनी भरलेलं घर, न्हाणीतल्या कोनाड्यात कोणाकोणाच्या ट्यूबा. माझा फेसवॉश समजून मी एक उचलली. तेवढीच लांब, खाली तशीच चापट, झाकण तसंच खटकन उघडणारं. चेहऱ्याला लावलं. फेस येईना म्हणून अजून घेतलं. मग वास आला. केस काढायच्या क्रीमचा तो वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. भराभर धुतलं, पण तोवर उजवी भुवई अर्धी गेली होती आणि गालांची आग होत होती. काजळाने भुवई काढून देताना आई रडवेली होऊन म्हणाली, "हाक काऊन नाही मारली गं?"

हाक कोणाला मारणार? अंगावर कपडा नाही, दाराला आतून कडी, बाहेर हळदीला जमलेली माणसं. घरात, रस्त्यावर, बँकेत मी दिवसभर कोणाची ना कोणाची मदत घेते आणि त्याचं मला काही वाटत नाही. न्हाणीघरात मात्र माणूस एकटाच असतो आणि एकटंच असायला हवं. गालांची आग दोन दिवसांत गेली. त्या दिवशी दाराला कान लावून, बाहेर फक्त आईचाच आवाज येतोय ना हे मी किती वेळ चाचपत उभी होते, ते अजून आठवतं.

कोणी म्हणेल, आता मोबाइल आहे ना! आहे, आणि मी तो भरपूर वापरते. २०१५ साली डेन्मार्कमधून सुरू झालेलं 'बी माय आईज' तर रोजचं आहे. कॅमेरा सुरू करायचा, कुठला तरी डोळस स्वयंसेवक पलीकडून पाहून सांगतो. बिस्किटाचा पुडा, दुधाच्या पिशवीवरची तारीख, विजेचं बिल, सगळं चालतं. पण अंघोळीच्या वेळी कॅमेरा सुरू करायचा? ओल्या हाताने, अनोळखी माणसासमोर? न्हाणीघरातली वस्तू बोटालाच कळली पाहिजे. त्याला दुसरा इलाज नाही.

आता स्टिकर. लावा, पण तेवढ्यावर काम झालं असं समजू नका. मोठेपणी दृष्टी गेलेल्या बऱ्याच जणांना ब्रेल येत नाही. मी स्वतः बत्तिसाव्या वर्षी ब्रेल शिकले, बोटाला सवय व्हायला दोन वर्षं लागली, आणि मी तर पुढे तेच शिकवण्याचं काम बावीस वर्षं केलं. शिवाय जागेचा प्रश्न आहे. औषधांच्या खोक्यांवर जे ब्रेल वापरतात त्यात एका घरातले (म्हणजे एका अक्षराच्या सहा ठिपक्यांच्या जागेतले) शेजारचे ठिपके २.५ मिलिमीटरवर असतात आणि एका अक्षराच्या घरापासून दुसरं घर ६ मिलिमीटरवर. 'कंडिशनर' हा शब्द भारती ब्रेलमध्ये, म्हणजे आपल्या भाषांच्या ब्रेलमध्ये, सात घरांचा होतो, म्हणजे सव्वाचार सेंटिमीटर. तुमच्या गोल बाटलीला बोट जवळजवळ पाव फेरा घालणार तेव्हा एक शब्द पुरा होणार. आणि ओल्या, फेसाळ हाताखाली कागदी लेबलाचे ठिपके चार अंघोळींत दबून सपाट होतात.

म्हणून आधी घाटाकडे बघा. तेलाची बाटली आजच बदला. चौकोनी घ्या, चपटी घ्या, काहीही घ्या, पण शाम्पूसारखी नको. याला एक पैसा जास्त लागत नाही.

शाम्पू आणि कंडिशनरची गोष्ट मात्र जगभर सारखीच अवघड आहे, कारण दोन्ही जोडीने विकतात आणि जोडी दिसावी म्हणून बाटल्या जुळ्या करतात. जपानच्या काओ कंपनीने १९९१ साली शाम्पूच्या बाटलीच्या कडेला खाचा दिल्या. कंडिशनरची कड साधीच ठेवली. आणि त्यातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट अशी, की त्या खुणेवरचा हक्क त्यांनी स्वतःपुरता ठेवला नाही. बाकीच्या कंपन्यांनाही वापरू दिला, म्हणून आज तिथे वेगवेगळ्या कंपन्यांच्या शाम्पूवर तीच खूण मिळते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या भावाने ओसाकाहून तशी बाटली आणून दिली होती. कडेवरून अंगठा वर नेला की करवतीच्या बोथट दात्यांसारख्या आडव्या रेघा लागतात, एकाखाली एक. पंपाच्या डोक्यावरही तशाच. दाबायला बोट ठेवलं की बाटली न उचलताच कळतं. मी ती बाटली रिकामी झाल्यावरही वर्षभर ठेवली होती, आणि येणाऱ्या प्रत्येकाला डोळे मिटून धरायला लावायची. डोळस माणसंही केस धुताना डोळे मिटूनच असतात की!

पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत हर्बल एसेन्सेसच्या बाटल्यांवर अशाच खुणा आल्या, शाम्पूला उठावदार रेघा आणि कंडिशनरला गोल ठिपके. ते काम प्रॉक्टर अँड गॅम्बलमधल्या सुमायरा लतीफ यांनी पुढे नेलं, आणि त्या स्वतः अंध आहेत. लक्षात घ्या, दोन देश, दोन कंपन्या, पण रेघ म्हणजे शाम्पू हे दोघांचंही जुळतं. म्हणून तुम्ही कृपा करून तिसरीच खूण काढू नका. फूल नको, पान नको, तुमच्या गटाचं चिन्ह नको. प्रत्येकाने आपली खूण काढली तर आम्हाला प्रत्येक बाटलीची नवी लिपी शिकावी लागेल.

स्वतःचा साचा असेल तर हे फार सोपं आहे. साच्यात खाच कोरली की बाटलीवर रेघ उठून येते. खर्च कोरण्याचा, तो एकदाच. नंतरची हजारावी बाटलीही त्याच भावात पडते. हवेने फुगवलेल्या बाटलीवर ब्रेलचे बारीक ठिपके धड उमटत नाहीत, गुळगुळीत होतात. जाड रेघ मात्र छान येते. तुमच्या ऑर्डरीवर हिंगण्याचा किंवा बुटीबोरीचा कारखानदार साचा बदलणार नाही, हे मलाही कळतं. पण इतवारीतल्या तुमच्या ठोकवाल्याकडे अंगावर रेघा असलेल्या बाटल्या असतात. शोभेसाठी केलेल्या असतात बिचाऱ्या. त्या घ्या, आणि फक्त शाम्पूला वापरा. कंडिशनरला साधी गोल, तेलाला चौकोनी. झालं तुमचं डिझाइन.

खूण झाकणावर नको, बाटलीच्या अंगावर हवी. न्हाणीत झाकणांची अदलाबदल होतेच. घाईत, मुलांच्या हातून. खुणेचं झाकण चुकीच्या बाटलीवर बसलं की ते खूण नसण्यापेक्षा वाईट. आणि रेघांवरून प्लॅस्टिकचं घट्ट वेष्टन ओढून घेऊ नका, खूण त्याखाली दबते. फारशी न उठलेली खूणही काही दिवसांची. पाचशेच्या नोटेच्या कडांना पाच तिरप्या उठावदार रेघा आहेत, शंभराच्या नोटेला चार. कोऱ्या नोटेवर त्या लगेच लागतात. भाजीबाजारात फिरून मऊ झालेल्या नोटेवर मी नखाने शोधते आणि तरी सापडत नाहीत.

तुमचं लेबल बघून भाची म्हणाली, फिक्या हिरव्यावर पांढरी अक्षरं आहेत आणि कागद चकचकीत. ज्यांना थोडं दिसतं त्यांची संख्या आमच्यापेक्षा कितीतरी मोठी, आणि चष्मा काढून अंघोळ करणारे आजी-आजोबाही त्यातच आले. गडद हिरव्यावर पिवळसर पांढरं अक्षर करा, कागद बिनचमकीचा घ्या. 'शाम्पू' हा शब्द तुमच्या ब्रँडच्या नावापेक्षा मोठा छापा. मनाला जड जाईल, पण करा. वापरायची मुदतही ठळक हवी. फिक्या ठिपक्यांची ती तारीख डोळसांनाही उजेडाकडे तिरपी धरून वाचावी लागते, असं सगळेच सांगतात.

सगळं झाल्यावर तीन-चार अंध आणि कमी दिसणाऱ्या बायकांना घरी बोलवा. बाटल्या साबणाच्या पाण्यात बुडवून त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसा. "बघा, इथे रेघ आहे" असं एकदाही म्हणायचं नाही. हात कुठे आधी जातो, किती वेळ लागतो, चुकतं कुठे, ते बघा. आणि त्या वेळेचे त्यांना पैसे द्या. चहा-पोह्यांवर भागवू नका. तुमच्या लेबलवाल्याला देता ना, तसेच.

त्या प्रदर्शनातल्या ताई पुढच्या दिवाळीत पुन्हा येतील असं मला मनापासून वाटतं. आल्या की बाटली हातात द्या आणि त्या काय म्हणतात ते मला कळवा.

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या. जुना मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झाला, लेझर झालं, इंजेक्शनं झाली. आता उजेड आणि माणसाची आकृती एवढंच दिसतं. आम्ही ब्रशला पेस्ट लावून हातात देतो, शाम्पू मगात काढून देतो. तरी चिडतात. परवा लपून स्वतः करायला गेल्या आणि ब्रशवर ह्यांचं शेव्हिंग क्रीम घेतलं. ब्रेलचं नावही काढू देत नाहीत. काय करावं?

उत्तर : त्या लपून करायला गेल्या, हे वाचून मला बरं वाटलं. हात अजून धडपडतो आहे. तोच धरा.

पेस्ट लावलेला ब्रश हातात आला की आपण लहान मूल झालो असं वाटतं. मीही त्या दिवसांत ब्रश फेकला आहे. उद्यापासून देऊ नका. त्यांना त्यांची स्वतंत्र ट्यूब द्या, दुसऱ्या कोणी वापरायची नाही अशी. मग ब्रशवर नेम धरायची गरजच उरत नाही. पेस्ट सरळ तोंडात घ्यायची किंवा बोटावर काढून दातांना लावायची, मग ब्रश फिरवायचा. मी वीस वर्षं असंच करते.

ब्रेलचा आग्रह सोडा. जुन्या मधुमेहात काही वेळा बोटांची जाणीवही कमी होते, बारीक ठिपके लागतच नाहीत. खूण जाड आणि वेगळ्या पोताची हवी. शाम्पूला दोन जाड रबर बँड. पावडरच्या डब्याला काही नको, तो आकारानेच कळतो. अंगाच्या लोशनला सुतळीचे दोन वेढे आणि गाठ. कुठली खूण कशाला हे त्यांनाच ठरवू द्या, त्यांच्या हाताने बांधू द्या. स्वतः बांधलेली गाठ विसरत नाही. आणि त्यांचं सामान वेगळ्या टोपलीत, रोज त्याच जागी. साफसफाई करताना टोपली हलवली तर परत तिथेच, त्याच बाजूला. जागा ही आमच्यासाठी अर्धी नजर असते.

उजेड दिसतो म्हणता, तर तोही वापरा. पांढऱ्या टाइल्सवर पांढरा मग ठेवला असेल तर लाल किंवा निळा आणा. बाटल्यांना इलेक्ट्रिशियनकडची लाल किंवा काळी टेप गुंडाळा.

एक काम मात्र आज संध्याकाळच्या आत करा. फिनाइल, ॲसिड, टॉयलेट क्लीनर न्हाणीघरातून बाहेर काढा, कडीच्या कपाटात. सुटं फिनाइल पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत भरून ठेवायची आपल्याकडे सवय आहे, ती तर पूर्ण बंद. युरोपात अशा घातक डब्यांवर बोटाला लागेल असा उठावदार त्रिकोण असतो. आपल्या घरात तो त्रिकोण तुम्हालाच व्हावं लागेल. डोळ्यांत टाकायच्या थेंबांची बाटलीही खोक्यासकट वेगळ्या जागी ठेवा. चिकटवायच्या द्रवाची छोटी ट्यूब तिच्याजवळ कधीच नको. हाताला दोन्ही सारख्याच लागतात.

प्रश्न : मी डिझाइनचा विद्यार्थी आहे. भारतात याबद्दल कायदा आहे का?

उत्तर : दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. त्यातलं कलम ४३ वाच. सगळ्यांना वापरता येतील अशा रचनेच्या ग्राहकोपयोगी वस्तू तयार व्हाव्यात आणि मिळाव्यात यासाठी सरकारने उपाय करावेत, असं ते सांगतं. ते सरकारवर टाकलेलं काम आहे. त्यातून शाम्पूच्या बाटलीवर अमुक खूण हवीच असा नियम निघत नाही. युरोपने २००४ च्या निर्देशात औषधाचं नाव खोक्यावर ब्रेलमध्ये हवं असं थेट लिहिलं, तसं इथे नाही. तुझ्या प्रोजेक्टसाठी या दोन्हींमधलं अंतर हाच चांगला विषय आहे. आणि कागदावर चित्र काढण्याआधी आठ दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून फिरू नकोस. त्याने फक्त भीती कळते, सवय कळत नाही. त्याऐवजी एखाद्या अंध माणसाबरोबर बाजारात जा आणि तो काय काय हातात घेऊन परत ठेवतो ते लिहून काढ.

प्रश्न : ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातली, नागपुरात होस्टेलवर राहून बी.ए. करते. जन्मापासून अंध आहे. मोठी बाटली परवडत नाही आणि रूममध्ये ती राहतही नाही, म्हणून शाम्पूच्या पुड्या घेते. शाम्पू, कंडिशनर, मेंदी, सगळ्या पुड्या हाताला सारख्याच. मैत्रिणीला रोज विचारायला नको वाटतं.

उत्तर : बेटा, तुझा प्रश्न वाचून मी बराच वेळ गप्प बसले. बाटलीवर इतकं बोलणारे आम्ही, पण तू वापरतेस त्या पुडीवर जगात कुठेच फारसं कोणी बोलत नाही. आपल्याकडे १९८०च्या दशकात शाम्पू पुडीत आला आणि गावागावात पोहोचला, पण कडेला वेगळी खाच दिलेली पुडी मला तरी अजून सापडलेली नाही. नंदनवनच्या ताईंनो, पुड्या काढाल तेव्हा हे वाचा.

तुझ्यापुरतं सांगते. दुकानात पुड्यांची माळ लटकवलेली असते. सुटी पुडी घेऊ नकोस, एका प्रकारची आठ-दहा पुड्यांची पट्टीच माग. पैसे देण्याआधी दुकानदाराला नाव मोठ्याने वाचायला लाव आणि तिथेच काउंटरवर खूण कर. शाम्पूची पट्टी तशीच ठेव. कंडिशनरच्या प्रत्येक पुडीचा खालचा एक कोपरा कात्रीने जरासा उडव, आतल्या चिकटवलेल्या कडेपुरताच, म्हणजे गळणार नाही. मेंदी या दोघींबरोबर ठेवूच नको, कपड्यांच्या बॅगेत ठेव.

अंघोळीला जाताना पुडी खोलीतच, कोरड्या हाताने अर्धी फाडून ने. ओल्या हाताने ती फाटत नाही आणि मग दाताने ओढताना अर्धा शाम्पू तोंडात जातो. फाडलेली पुडी उभी धरायला औषधाचं छोटं मापाचं झाकण असतं ना, ते बरोबर ठेव.

ठिपके टोचायची ब्रेल पाटी तुझ्याकडे असेलच. पारदर्शक चिकट प्लॅस्टिकचा तुकडा पाटीत घाल, मागचा कागद न काढता. नेहमीसारखं उजवीकडून डावीकडे टोचत जा. डब्यांसाठी एकच अक्षर पुरतं : 'श' म्हणजे १-४-६ हे ठिपके, 'क' म्हणजे १-३. दोन छोटे डबे, झाकणावर नको, डब्याच्या अंगावर चिकटव, वरच्या कडेपासून बोटभर खाली. दोन्हींना एकाच जागी, म्हणजे हात शोधत बसणार नाही. तुझ्या होस्टेलवर अजून कोणी असेल तर तिलाही करून दे.